साखळी, रूळ आणि कापूस : वऱ्हाडची सरहद्द व अमेरिकेची सरहद्द

एका एकराचे गुंठे किती, असे विचारले तर शेतकऱ्याच्या घरातले पोर झोपेतसुद्धा 'चाळीस' असे उत्तर देईल. पण चाळीसच का? पन्नास का नाहीत? शंभर का नाहीत?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शेताच्या बांधावरून निघतो आणि बघता बघता अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ मैदानात पोचतो. वाटेत खामगावची कापूसपेठ लागते, आगगाडीचे रूळ लागतात, बंजाऱ्यांचे तांडे लागतात आणि शेवटी एक मोठा दुष्काळही लागतो. एकोणिसाव्या शतकात जगाच्या दोन टोकांना 'पडीक' जमीन लागवडीखाली आणण्याची जी मोहीम चालली, तिची ही हकिगत आहे. तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे : एखादी जमीन 'रिकामी' आहे हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने?

तेहतीस फुटांची साखळी

आपल्या भागातल्या जमिनीची पद्धतशीर मोजणी इंग्रजी अमलात झाली. तिच्यासाठी लोखंडी साखळी वापरीत. मुंबई इलाख्यात ठरलेल्या पद्धतीत ही साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे सोळा भाग पाडलेले असत. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. ही साखळी लांबीला एकदा व रुंदीला एकदा टाकली की जो चौरस होतो, तो एक गुंठा. म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. याला चाळिसाने गुणा. उत्तर येते ४३,५६० चौरस फूट. हाच एक एकर.

आता ३३ फूटच का, ते पाहू. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. तिच्या ८० लांब्या म्हणजे बरोबर एक मैल आणि तिचे १० चौरस म्हणजे बरोबर एक एकर. आपली साखळी त्या साखळीच्या निम्मी. चाळिसाचा आकडा तिथून आला. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणूनच पुष्कळ शेतकरी बोलताना आर व गुंठा एकच समजून चालतात.

गुंटरची ही ६६ फुटांची साखळी समुद्र ओलांडून अमेरिकेतही गेली. १७८५ साली तेथील नव्या सरकारने कायदा करून पश्चिमेकडील जमिनीचे चौकोन पाडण्याचे ठरविले. प्रत्येकी सहा मैल लांब-रुंद असा एक मोठा चौकोन आणि त्याचे एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे. एका तुकड्यात ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. डोंगर, ओढा, पायवाट काही न पाहता कागदावर रेघा मारल्या गेल्या. आजही विमानातून त्या मुलखाकडे पाहिले, तर शेते बुद्धिबळाच्या पटासारखी दिसतात.

सरहद्द म्हणजे काय?

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना या सौद्याची कोणी विचारपूसही केली नाही. त्यानंतर वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली. वस्तीची ही सरकती कड म्हणजे तिथली 'सरहद्द'. दोन देशांमधली सरहद्द नव्हे. नांगर जिथपर्यंत पोचला तिथली रेघ. १८६२ साली कायदा झाला, की जो कोणी १६० एकरांवर पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला किरकोळ शुल्कात ती मालकीहक्काने मिळेल. आपल्या हिशेबात हे झाले ६,४०० गुंठे! १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ यूटामध्ये जोडले गेले आणि वसाहतवाल्यांची रीघ लागली.

१८९० च्या खानेसुमारीनंतर अशी सलग सरहद्द आता उरलेली नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. दर चौरस मैलाला दोन माणसेही नसली, तर तो भाग 'वस्ती नसलेला' धरीत. आणि ही माणसे मोजताना कर न देणाऱ्या मूळ रहिवाशांना गणतीत घेत नसत. एखाद्या दरीत मूळ रहिवाशांची गावे असली, त्यांची मक्याची शेते असली, तरी कागदावर ती दरी रिकामीच! हा मुद्दा लक्षात ठेवा. तो आपल्याला वऱ्हाडातही भेटणार आहे.

कापसानेही पश्चिमेकडे वाटचाल केली

अमेरिकेच्या सरहद्दीबरोबर एक पीक पश्चिमेला सरकत होते. ते म्हणजे कापूस. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. तोपर्यंत आखूड धाग्याच्या कापसातून सरकी काढणे हे फार चिवट काम होते. ते सोपे होताच कापसाची शेती जॉर्जियातून अलाबामा, मिसिसिपी आणि पुढे टेक्सासपर्यंत पसरली. ही शेती पिकविली गुलाम केलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांनी. १८६० साली त्यांची संख्या सुमारे चाळीस लाख होती. आणि ज्या जमिनीवर ही शेती झाली, तिच्यावरून मूळ रहिवाशांना आधी हुसकावून लावले होते. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना बळाने पश्चिमेकडे चालवत नेले. त्या वाटेवर व त्या काळात त्यांचे सुमारे चार हजार लोक दगावले, असे मानले जाते.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या याच कापसावर चालत. त्यांच्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक माल अमेरिकेचा असे. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गिरण्यांचा घास अडला. लँकेशायरमध्ये हजारो मजूर उपाशी बसले. मिळेल तिथून कापूस आणा, असा धावा सुरू झाला. तो मुंबईमार्गे थेट पूर्णेच्या खोऱ्यात येऊन पोचला.

वऱ्हाड : घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द समजावून सांगायला नकोत. बुलढाणा, चिखली, मेहकर हा अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पठारी भाग म्हणजे घाटावर. हाच जुना बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव-जामोद हा पूर्णेचा सपाट पट्टा म्हणजे घाटाखाली. हाच जुना पायनघाट. त्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे.

हा सगळा वऱ्हाड निजामाचा. तैनाती फौजेच्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. त्याआधीच्या पन्नास वर्षांत या प्रदेशाने पुष्कळ हाल सोसले होते. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात अडगावची लढाई वऱ्हाडातच झाली. पाठोपाठ दुष्काळ आला. गावे ओस पडली आणि पुष्कळ जमीन पडून राहिली. इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा त्यांना ही जमीन म्हणजे कापसासाठी वाट पाहणारे मोकळे रानच वाटले.

त्यांना तसे वाटावे, याला कारण इथली माती. लक्षावधी वर्षांपूर्वी लाव्हा रसाचे थर साचून दख्खनचा काळा खडक बनला. तो झिजून ही काळी माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. या मातीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे थरांचे असतात आणि थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगतात. म्हणून पावसाळ्यात काळी जमीन फुगते व चिकटते आणि उन्हाळ्यात आकसून तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची सुटी माती भेगांत पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. पावसाळा सरल्यावरही तिच्यात ओल टिकते. विहिरीचे पाणी न देता कपाशी तगते ती या ओलीवर.

मोजणी आली

१८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. साखळीवाले गावोगाव फिरले. शेतांना सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले. मोजणी करणारे मातीही तपासत. खड्डा खणून तिची खोली हातांत मोजत. रंग पाहत. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष नोंदवीत. पावणेदोन हात खोल उत्तम काळ्या मातीला सोळा आणे, तर अगदी हलक्या, उथळ मातीला दोन आण्यांपर्यंत खाली अशी प्रतवारी करीत. त्यावरून तीस वर्षांसाठी रोख सारा ठरे. प्रयोगशाळा नसताना, हात आणि डोळे यांच्या बळावर केलेले मृदाविज्ञानाचे हे मोठे काम होते, हे मान्य केलेच पाहिजे. आजही आपली शेते ओळखली जातात ती त्या पायावर.

परंतु प्रत्येक माप काही पाहते आणि काही पाहत नाही. साखळीला दिसत होते ते पीक व सारा. जी जमीन सारा देत नाही, ती नोंदवहीत 'पडीक' ठरली. मग त्या पडीकात काय काय होते?

तिथे गवत होते. गावच्या गुरांचे आणि धनगर-गवळ्यांच्या कळपांचे ते चराऊ रान होते. बाभळी होत्या, औत, वखर आणि गाडीची चाके त्यांतून बनत. काही वर्षे पेरल्यानंतर मुद्दाम विसाव्याला ठेवलेली शेतेही होती. सातपुड्याच्या बाजूला कोरकू, भिल, निहाल लोकांची वस्ती होती आणि जंगलाचा तुकडा तोडून-जाळून केलेली त्यांची फिरती शेती होती. आणि बंजाऱ्यांचे तळ होते.

आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई तो बैलांच्या पाठीवरून. पुष्कळ माल उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८२५-२६ मध्ये मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी सुमारे ५०० बैलांवर लादून वऱ्हाडचा कापूस पश्चिमेला मुंबईकडे नेला. एका बैलाच्या पाठीवर साधारण शंभर-सव्वाशे किलो ओझे. ही वाहतूक चाले ती फुकटच्या गवतावर. वाटेवरची पडीक राने हाच बंजाऱ्यांचा पेट्रोल पंप होता म्हणा ना! म्हणजे नोंदवहीत रिकामी असलेली जमीन प्रत्यक्षात रोज कामाला येत होती.

रूळ आले

अमेरिकेत युद्ध चालू असतानाच मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ ओलांडून घाटाखालच्या पट्ट्यात शिरली. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी स्टेशने घेत १८६७ साली ती नागपूरला पोचली. मुख्य मार्ग खामगावला मात्र चुकवून गेला होता. खामगावची पेठ १८२० च्या सुमारास तुपाच्या, सुताच्या आणि थोड्याशा कापसाच्या व्यापारातून उभी राहिली होती. आता ती वऱ्हाडातली कापसाची फार मोठी पेठ झाली होती. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने स्वतः येऊन तो सुरू केला. आठ मैलांच्या फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी येतो, यावरूनच कापसाचे वजन कळते. त्या वेळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ साली आले.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. सरकी काढणारी जीन आणि रुई दाबून गठाणी बांधणारी प्रेस कापूसपेठांतच उभी राहिली. दाबलेल्या गठाणीचे वजन ३९२ पौंड, सुमारे १७८ किलो. अशा दोन गठाणी म्हणजे मुंबईची एक खंडी. सैल कापसाने गाडीचा डबा भरतो, पण वजन भरत नाही. दाबलेल्या गठाणीमुळे त्याच डब्यात कितीतरी जास्त माल मावू लागला. लिव्हरपूलचा सकाळचा भाव आता खामगावच्या दलालाला तारेने कळू लागला.

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत वऱ्हाडातले कपाशीखालचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. भाव कित्येक पटींनी चढले होते. शेजारच्या मुलखातून कष्टकरी कुटुंबे जमिनीच्या शोधात वऱ्हाडात आली आणि गावे पुन्हा नांदती झाली. पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळले. हा फायदा खोटा नव्हता.

पण १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईतला शेअरांचा फुगा त्याच वर्षी फुटला. शहरातला व्यापारी बुडतो तेव्हा त्याचे दुकान बंद होते. शेतकऱ्याचे तसे नसते. मोडलेले गवताळ रान त्याला पुन्हा गवत करता येत नाही आणि सारा तर रोखीने भरावाच लागतो. म्हणून भाव पडला तरी कपाशी पेरावीच लागे. सरळ मालकी हक्काच्या नोंदीमुळे आता जमीन गहाण टाकणेही सोपे झाले होते. सावकाराच्या वहीत एकेक सर्व्हे नंबर चढू लागला.

बंजाऱ्यांचे काय झाले? एका मालगाडीपुढे पाचशे बैलांचा तांडा टिकेल कसा? त्यांचा धंदा एका पिढीत बसला. कित्येक ठिकाणी इंग्रज सरकारने त्यांच्यावर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला. सातपुड्यातले जंगल सरकारी राखीव झाले आणि कोरकूंच्या फिरत्या शेतीला बंदी आली. रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांसाठी मात्र जंगलात कुऱ्हाड चालू राहिली.

हिशेब चुकता झाला

पूर्वी वऱ्हाडात ज्वारी पेवात साठवीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. एक वर्ष पाऊस हुकला तर पेव उघडायचे, गुरे पडीकातल्या गवतावर सोडायची आणि वर्ष काढायचे, ही जुनी तजवीज होती. पेव आणि पडीक हे त्या काळचे दोन विमे होते म्हणा. कपाशी वाढली तसा धान्याचा भरवसा पेवाऐवजी बाजारावर आला. पडीक नांगराखाली गेले तसा चाऱ्याचा साठा आटला.

१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. तो सावरतो न सावरतो तोच १८९९ मध्ये पावसाने दगा दिला. धान्य आगगाडीने येऊ शकत होते, नाही असे नाही. पण ते विकत घ्यायला शेतात काम नव्हते आणि हातात मजुरी नव्हती. चाऱ्यावाचून गुरे पटापट मेली. पाठोपाठ रोगराई आली. चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तालुके मिळून त्या वेळचा बुलढाणा जिल्हा होता. १८९१ साली त्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ४ लाख २४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट दर शंभरांत जवळजवळ बारा माणसे कमी! आगगाडी, तारायंत्र आणि जगाची बाजारपेठ दाराशी असताना हे घडले.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले. कॅन्सास, ओक्लाहोमा, टेक्सास या भागांतली कोरडी गवताळ मैदाने शेतकऱ्यांनी भराभर नांगरून काढली. त्या गवताची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवीत. गवत गेले, नंतर भावही गेला आणि १९३० नंतर अवर्षण आले. उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली आणि धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार केला. लाखो माणसांनी तो मुलूख सोडला. १९३५ साली तिथल्या सरकारला मृदासंधारणाचे खास खाते उघडावे लागले.

दोन्हीकडचा क्रम पाहा. आधी दूरच्या युद्धाने भाव चढला. मग गवताचे रान नांगराखाली गेले. मग भाव पडला, पण रान परत आले नाही. शेवटी अवर्षण आले. पाऊस दोन्हीकडे पूर्वीही हुकत असे. पूर्वी त्याला झेलायला जे काही होते, ते मधल्या काळात 'पडीक' म्हणून संपविले गेले होते.

साम्य कुठे संपते

कोणतीही तुलना करताना ती कुठे थांबते हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत मूळ रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर हाकलून परक्या वसाहतवाल्यांना जमिनी दिल्या गेल्या. वऱ्हाडात जमीन कसणारा बहुतेक इथलाच किंवा शेजारच्या मुलखातला राहिला. बदलले ते त्याचे जमिनीशी, सरकारशी आणि बाजाराशी असलेले नाते. तिकडे वसाहतवाल्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळाले. इकडे रयतेला दर वर्षी सारा भरावा लागला. तिकडे सत्ता वसाहतवाल्यांच्या मतांवर चाले. इकडे वऱ्हाडी शेतकऱ्याला मत देण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक धागा या दोन मुलखांना जोडतो. युद्धानंतर अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. ज्या युद्धाने खामगावात कापसाचा भाव चढला, त्याच युद्धातून पुण्यातल्या एका विचारवंताने माणसाच्या मोलाचा अर्थ काढला. एकच घटना, पण कोणी तिच्यात भाव पाहिला तर कोणी न्याय.

आज घाटावरच्या पुष्कळ शेतांत कपाशीची जागा सोयाबीनने घेतली आहे. जी कपाशी उरली तीही पूर्वीची नाही. जुन्या देशी जातीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असत; आज पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन वंशाच्या कपाशीत ५२ असतात. पीक बदलले, बी बदलले. भाव मात्र आजही दूरच्या बाजारात ठरतो आणि गावातले गायरान आजही कोणाला ना कोणाला 'रिकामे' दिसते. तसे दिसले की आपण इतकेच विचारावे : रिकामे म्हणजे कोणाच्या मापाने?

करून पाहा

१. सुमारे दहा मीटर सहा सेंटिमीटर लांबीची दोरी घ्या. हे झाले ३३ फूट. तिचे सोळा सारखे भाग करून प्रत्येक ठिकाणी रंगीत दोरा बांधा. ही झाली तुमची 'साखळी'. तिने शाळेच्या मैदानावर एक गुंठा आखा. मग पूर्ण मैदान किती गुंठे व किती आणे भरते ते काढा. (सोळा आणे म्हणजे एक गुंठा.)

२. आगपेटीच्या दोन रिकाम्या खोक्यांना आतून तेलाचा हात लावा. एकात चाळलेल्या काळ्या मातीचा चिखल काठोकाठ भरा, दुसऱ्यात नदीकाठच्या रेताड मातीचा. सावलीत आठवडाभर वाळू द्या. दोन्ही वड्यांची लांबी मोजा. कोणती वडी किती आकसली? शेकडा प्रमाण काढा. काळ्या जमिनीत बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हे आता तुम्हीच सांगा.

३. पावसाळ्यात एका उतारावर दोन वाफे निवडा : एक गवताचा, एक मोकळा. दोन्हींच्या खालच्या टोकाला डबा पुरा. मोठ्या पावसानंतर डब्यांतले पाणी निवळू द्या आणि तळाशी बसलेला गाळ वाळवून तोला. गवताची किंमत तराजूतच दिसेल.

४. गावच्या तलाठ्याकडे जाऊन गावाचा नकाशा पाहण्याची विनंती करा. गायरान कुठे आहे? घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारा : त्यांच्या लहानपणी गुरे कुठे चरत? आज तिथे काय आहे? दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहा.

विचार करा

१. १६० एकरांच्या चौकोनी शेताची एक बाजू गुंटरच्या किती साखळ्यांची असेल? आपल्या ३३ फुटी साखळीने ती किती वेळा मोजावी लागेल?

२. एका बैलावर ११० किलो कापूस धरला, तर १७८ किलोच्या शंभर गठाणींएवढा कापूस नेण्यास किती बैल लागतील?

३. आगगाडी आल्यामुळे दुष्काळात धान्य आणणे सोपे झाले. तरीही माणसे उपाशी का राहिली? वर्गात दोन गट करून चर्चा करा. शिक्षकांनी एका गटाला खामगावचा कापूसव्यापारी आणि दुसऱ्याला घाटावरचा कोरडवाहू शेतकरी व्हायला सांगावे. नंतर भूमिका बदलाव्यात. दोन्ही बाजूंनी बोलून पाहिल्यावर पहिले मत बदलते का, तेही नोंदवून ठेवावे.